इतर

मागच्या महिन्यात इन्शुरन्सवाल्या पोराचा मेसेज आला, "सर गाळ्यातल्या मालाची लिस्ट पाठवा, आयटम, नग, अंदाजे किंमत. आज मिळाली तर आजच पुढं पाठवतो." मी तेव्हा पुण्यात वारज्याच्या एका फ्लॅटमधे पुट्टीच्या उलट्या बादलीवर बसून डबा खात होतो. आतल्या खोलीत पोरं भिंतीला झिऱ्या मारत होती, त्याची पावडर डाळीवर बसत होती, तिला आता आम्ही चटणीच म्हणतो. म्हणलं एवढंच ना, खाता खाता टाकू लिहून. डाव्या हातानं टाईप केलं, वायर. पाईप. स्विच-सॉकेट. एमसीबी, डीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच आणि त्यांची पेटी. आणि अंगठा तिथंच अडकला. बराच वेळ काही सुचेना, मग लिहिलं "इतर" आणि दिलं पाठवून. पाच मिनिटात फोन. "सर बाकीचं ठीके, ते बसवू आपण. पण हे इतर म्हणजे काय? साधारण किती टक्के धरू?"

मी गाळा डोळ्यापुढं आणला आणि म्हणालो, सत्तर.

तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. फोन ठेवला, डबा संपवला, हात धुतले, पण ते काही डोक्यातून जाईना. बारा वर्षं झाली मी त्या गाळ्याचं भाडं भरतोय, दर अकरा महिन्यांनी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, लीव्ह अँड लायसन्स पुढं सरकतं, आणि आत काय आहे हे विचारल्यावर माझ्याकडं चार शब्द आहेत. बरं, माझा धंदा इलेक्ट्रिकच्या कामांचा, असा की कुठल्याही अनोळखी फ्लॅटमधे गेलो तर भिंतीत कुठून पाईप गेला असेल हे मी हात फिरवून सांगतो. आणि स्वतःच्या साडेतीनशे स्क्वेअर फुटाचं असं.

गाळा नऱ्ह्याला आहे. एका लायनीत अकरा गाळे, वर पत्रा, पुढं रस्ता म्हणावा असं काहीतरी. डावीकडं फॅब्रिकेशनवाला, त्याच्या वेल्डिंगचा उजेड आमच्या भिंतीवर दिवसभर वीज चमकल्यासारखा पडत असतो, उजवीकडं एक मिठाईच्या बॉक्सवाला, दिवाळीच्या आधी त्याचा माल रस्त्यावर येतो आणि आमचा टेम्पो अडकतो. शटर उचललं की पहिला वास येतो तो पीव्हीसीचा, नवा पाईप आणि नवी वायर यांचा गोडसर, जरा डोकं धरणारा वास, त्याच्या मागून ओल्या पुठ्ठ्याचा, आणि जून-जुलैमधे उंदराचा. उजव्या हाताला पाईप, वीस एमएम आणि पंचवीस एमएमची बंडलं, ती आडवीच ठेवावी लागतात, भिंतीला टेकवून उभी ठेवली तर महिन्याभरात म्हाताऱ्या माणसासारखी पाठीत वाकतात. डावीकडं अँगलचं रॅक, त्यावर वायरची कॉइलं. वर माळा, आणि माळ्यावर ते सगळं, म्हणजे इतर.

इतर म्हणजे काय, तर कुठल्यातरी साईटचं वाचलेलं. तीन गँगच्या प्लेटा ज्यांचं मॉडेलच आता बंद झालं. बांधकामाच्या टेंपररी मीटरचा बोर्ड, त्यावर कावेनं काढलेला स्वस्तिक. सोसायटीच्या गणपतीच्या माळांची दोन पोती, "ठेवा हो तुमच्याकडं, पुढच्या वर्षी लागतीलच" म्हणून दिलेली, पुढच्या वर्षी त्यांनी नव्या आणल्या. कोथरूडच्या एका काकूंचं काचेचं झुंबर, रंगकाम होईपर्यंत दोन महिने ठेवा म्हणाल्या, ते २०१७ साल होतं, मग त्यांनी फॉल्स सीलिंग केलं आणि झुंबर लावलं तर डोक्याला लागेल असं झालं. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "हो हो, पाठवते मुलाला." मुलगा कॅनडात आहे. टाकवत नाही, विकायला माझं नाही, आणि दर महिन्याला मी त्याचं भाडं भरतोय. हिशोब केला तर आत्तापर्यंत त्या झुंबराच्या चार चौरस फुटाचं भाडं झुंबराएवढं झालं असेल.

भाड्याचं म्हणाल तर २०१३ ला साडेपाच हजारानं घेतला, आता अकरा आहे. मालक जीएसटीत नाहीत आणि मी आहे, त्यामुळं १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या अकरावरचे अठरा टक्केही आधी मीच भरायचे, मग ते क्रेडिटमधे परत. परत येतात, पण खिशातून जाताना जातातच ना. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर हा गाळा "अतिरिक्त जागा" म्हणून चढवलेला आहे, हे सीएनं जीएसटीच्या पहिल्याच वर्षी करून घेतलं. त्याच सीएनं एकदा चहा पिता पिता बारा वर्षांचं भाडं मोजून दाखवलं, अकरा लाखाच्या पुढं गेलं ते, आणि विचारलं, "आत माल कितीचा असतो?" मी म्हणलं, असेल तीन-चार लाखाचा. तो काही बोलला नाही, बिस्कीट बुडवत बसला.

आता हे ज्यानं कधी साईट चालवली नाही त्याला येडेपणाच वाटणार. पण सकाळी आठला सहा माणसं साईटवर उभी असतात, वायरमनचा रोज हजार, हेल्परचा सहाशे, आणि तेव्हा कळतं की चार मॉड्युलचे मेटल बॉक्स सहा कमी पडतायत. तपकीर गल्ली, म्हणजे आमचा इलेक्ट्रिकचा बाजार, साडेदहाच्या आधी डोळे उघडत नाही, तिथं जाऊन पार्किंग शोधून माल घेऊन परत येईपर्यंत बारा, मग दोन ते चार सोसायटीत ठोकाठोकी बंद, म्हणजे दोनशे रुपयाच्या डब्यांपायी सहा माणसांचा दिवस पाण्यात. गाळ्यात ते डबे असतात. कुठं असतात ते शोधायला अर्धा तास जातो ही गोष्ट वेगळी. आणि वायरचं तर सोन्यासारखं झालंय, मे २०२४ मधे तांबं टनाला अकरा हजार डॉलरच्या वर जाऊन आलं, त्या दिवसांत डीलर सकाळी एक भाव सांगायचा आणि संध्याकाळी फोन उचलायचा नाही. माझ्याकडं दीड आणि अडीच एमएमची चाळीस-एक कॉइलं आधीच्या भावाची पडलेली, नव्वद मीटरची एकेक. त्या महिन्यात मी रात्री शटर लावताना उगाच एकदा आत बघून घ्यायचो, सावकारासारखं.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी ते नवीन सेल्फ स्टोरेज का काय म्हणतात ते पण बघून आलो, बाणेर साईडला. एकदम चकाचक. लिफ्ट, कॅमेरे, गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूला एकसारखी पिवळी दारं, आपलं कुलूप आपण लावायचं, किल्ली आपल्याकडं. धूळ नाही, उंदीर नाही, ओल नाही. तिथला मुलगा फार नीट बोलत होता, पण नियम वाचायला घेतले आणि माझा चेहरा उतरत गेला. ज्वालाग्राही काही नाही, म्हणजे थिनर गेलं, पाईपचं सोल्युशन गेलं. आत कापाकापी, ठोकाठोकी नाही. सकाळी नऊच्या आधी गेट उघडणार नाही. आणि चौरस फुटाचा दर नऱ्ह्याच्या तिप्पट. एक दार अर्धं उघडं होतं, तिथं दोन माणसं सामान लावत होती, बबलच्या प्लॅस्टिकमधे गुंडाळलेला शिसवी झोपाळा, त्याच्या पितळी कड्या वेगळ्या बांधलेल्या, बाजूला देवघर, तेही गुंडाळलेलं, आणि स्टीलच्या डब्यांची उतरंड. कुणाचंतरी अख्खं घर. तो मुलगा म्हणाला, "बरेच कस्टमर बाहेर असतात सर, घर विकलेलं असतं, सामानाचं ठरत नाही." मी मान डोलावली. मला वाटत होतं ही जागा माझ्या धंद्याची नाही, पण येताना गाडीवर मला झुंबर आठवत होतं. धंद्याची असो का घराची, ठरत नाही म्हणूनच सामान भाड्याच्या जागेत जातं की.

हे सगळं आईनं ऐकलं तर हसेल.

आमचे अण्णा पण इलेक्ट्रिकचीच कामं घ्यायचे. शनिवार पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, माणसं पाच, आणि सहावा माल. गाळा-बिळा भानगड नव्हती, दुकान नव्हतं, दारावर पाटी होती फक्त. दिवाणाखाली वायरची कॉइलं, त्यावर आम्ही दोघं भाऊ झोपायचो, मला अजूनही कधी नव्या वायरचा वास आला की शाळेत जायचं टाळावं असं वाटतं. माळ्यावर केसिंगच्या पट्ट्या, त्यावर गोधड्या. बहिणीच्या दप्तराच्या फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत लाकडी गिट्ट्या, डालड्याच्या डब्यांत स्क्रू, डब्यांवर आईनं खिळ्यानं कोरलेलं, "१", "दीड", "२". देवघराच्या खालच्या कप्प्यात बेकलाईटचे काळे स्विच, कारण ते महाग. एखादा पाहुणा आला की दारातच विचारायचा, सामान हलवताय का?

आणि या सगळ्याची किल्ली आई होती. अण्णा सकाळी सायकल काढून गेले की दिवसभर वायरमन दारात, "वहिनी, दोन इंची स्क्रू पाव ग्रोस द्या", "वहिनी, होल्डर सहा सांगितलेत". आई पोळी लाटता लाटता उठायची, पिठाच्या हातानं बरणी काढायची, मोजून द्यायची, आणि लिहायची कुठं तर भिंतीवरच्या कालनिर्णयमधे, तारखेच्या चौकटीत, दुधाच्या खाड्याशेजारी. "दूध नाही. होल्डर ६." "अर्धा लि. जास्त. क्लिपा १ पाकीट, वायर अंदाजे १२ हात." महिना संपला की दूधवाल्याचा हिशोब आणि मालाचा हिशोब एकाच कागदावर, एकाच पेन्सिलीनं. अण्णा रात्री पार्टीचं बिल लिहायला बसले की ती गॅसपाशी उभी राहून तोंडी सांगायची, तारीखवार. चुकायची नाही. अण्णांना बाहेर लोक कॉन्ट्रॅक्टर म्हणायचे, त्यांच्याकडं लायसन होतं, एमएसईबीला टेस्ट रिपोर्ट त्यांच्या सहीनं जायचा. आईच्या कामाला काही नाव नव्हतं. आत्ता मी कुणाला स्टोअर सांभाळायला ठेवायचं म्हणलं तर पंधरा हजाराच्या खाली येत नाही, आणि दोन महिन्यांत सोडून जातो.

वाडा पडला, आम्ही धायरीला फ्लॅटमधे आलो, माल पण बरोबर आला. ड्राय बाल्कनी भरली, मग एक बेडरूम. २०१३ ला आमची मुलगी रांगायला लागली आणि एक दिवस तिच्या मुठीत वायरीचा कापलेला तुकडा सापडला, तोंडात गेला असता. बायको काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्याच आठवड्यात गाळा बघितला. अण्णांना अजिबात पटलं नव्हतं. "भाड्याच्या जागेत माल म्हणजे आपलं जेवण दुसऱ्याच्या ताटात," म्हणाले. तरी शिफ्टिंगच्या दिवशी सकाळी सहाला तयार होऊन बसले होते, टेम्पोत पुढं बसून गेले, आणि गाळ्यात पोचल्यावर कुठली बरणी कुठं ठेवायची यावरून माझ्याशी भांडले. आई घरीच होती. रात्री आम्ही आलो तर तिनं दिवाणाखालचं झाडून, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं. पहिल्यांदाच तिथली फरशी दिसत होती. मला वाटलं खूश असेल. जेवताना म्हणाली, "घर कसं पोकळ वाजतंय."

तेव्हा मी ते सोडून दिलं. घर मोकळं झालं होतं, बायको खूश होती, मुलगी सगळीकडं रांगत होती. पण गाळ्यात गेल्यापासून मालाची ती तोंडी यादी संपली, हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली. घरात जागा नव्हती म्हणून प्रत्येक वस्तूला आई विचारायची, ही का आली, कधी जाणार. गाळ्यात कुणी विचारत नाही. मी पोरांना म्हणतो, टाक माळ्यावर, लागेल कधीतरी.

त्या माळ्यावर एक पोरगा आठ महिने राहिलाय. जालन्याकडचा, हेल्पर म्हणून आला, रूम मिळेपर्यंत चार दिवस झोपतो म्हणाला. ॲग्रीमेंटमधे स्पष्ट लिहिलेलं असतं, राहण्यासाठी वापर करता येणार नाही, आणि मला माहीत होतं तो राहतोय, आणि त्याला माहीत होतं मला माहीत आहे, पण आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. सकाळी मी शटरवर दोनदा हात मारायचो आणि जरा पलीकडं जाऊन उगाच फोनवर बोलत उभा राहायचो, तेवढ्यात त्याची चटई गुंडाळली जायची. मला त्याचा फायदाच होता, रात्रीची राखण फुकटात. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होत असेल याचा विचार मी केला नाही असं नाही, केला, आणि एक जुना टेबलफॅन वर नेऊन ठेवला, माळ्यावर लागेल असं म्हणत. एवढंच केलं. गंमत म्हणजे त्या आठ महिन्यांत माल पाहिजे तेव्हा सापडायचा. त्यानं माळ्याच्या कठड्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं कुठं काय. तो गेल्यावर ते पुसलं गेलं, पाईप घासून घासून.

इन्शुरन्सचं खरं तर माझ्या मनात आलं ते २५ जुलै २०२४ नंतर. त्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत शिरलं. आमचा एक टाइल्सवाला मित्र आहे, त्याचा माल तिकडंच एका इमारतीच्या पार्किंगमधे. पाणी ओसरल्यावर मी त्याच्याकडं गेलो तर तो गुडघाभर चिखलात उभा, ग्राउटच्या आणि ॲढेसिव्हच्या पिशव्या जागेवर दगड झालेल्या, थप्पीच्या थप्पी एकमेकींना चिकटलेल्या, फोडायला ब्रेकर लागणार. टाइल्सना काही झालं नव्हतं, नुसते बॉक्स विरघळले होते, त्यामुळं कुठली टाइल कुठल्या पार्टीची हे कळायला मार्ग नाही. तो सारखा तेच म्हणत होता, "माल आहे रे, पण कोणता ते गेलं." माझा गाळा चढावर आहे, पाणी येत नाही. तरी पॉलिसी काढायचं ठरवायला मला वर्ष लागलं. आगीची-पाण्याची एक, चोरीची वेगळी, आणि दोन्हीला लिस्ट पाहिजेच.

तर परवा रविवारी आईला गाळ्यावर घेऊन गेलो. पंचाहत्तरी आलीये, गुडघे बोलतात, पण दर दसऱ्याला विचारते, शटरला हार लावलास का, म्हणून म्हणलं चल. तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मधोमध ठेवली, दोन पोरं माळ्यावर चढवली आणि मी वही घेऊन बसलो. तिनं पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग शटरच्या खालच्या फटीकडं बोट केलं, "पुठ्ठे जमिनीवर का? विटा लाव खाली." मग विचारलं, "भाडं किती म्हणालास?" सांगितलं. "वाड्याचं बत्तीस रुपये होतं," म्हणाली, "त्यात आपण पाच आणि हे सगळं." तक्रार नव्हती त्यात, दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आणि मग तिनं सुरू केलं. पोरं वरून एकेक वस्तू दाखवायची, हे काय, असं ती विचारायची, मी सांगायचो, ती म्हणायची, "चालतंय का? कुणाचं? नग?" आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, काय ते समजून घेतलं, नुसतं समजून घेतलं नाही तर मग त्याचा एक मिनी किटकॅट असा स्वतःचा तर्जुमा केला आणि पुढं तेच म्हणत राहिली. गणपतीच्या माळांची पोती, "पेटतात का बघ, नाही तर भंगार, किलोवर." बंद पडलेल्या मॉडेलच्या प्लेटा, "ज्यांच्या घरी बसवल्यात त्यांना फोन कर, एखादी फुटली असेल." हे मला बारा वर्षांत सुचलं नव्हतं. झुंबराशी जरा थांबली. खोका उघडायला लावला, एक लोलक हातात घेऊन उजेडात धरला, आणि म्हणाली, "ह्यांचं ह्यांना आजच्या आज रिक्षानं पाठव. भाडं तू दे." फॅब्रिकेशनवाल्याचं रविवारी पण काम चालू होतं, मधेच झगमग व्हायचं आणि तिचा चष्मा चमकायचा. दोन तासांत माझी सहा पानं भरली. इतर असं तिनं कशालाच म्हणलं नाही.

सगळ्यात शेवटी पोरानं कोपऱ्यातून एक कॅनव्हासची पिशवी काढून खाली दिली. मला माहीत होतं ती तिथं आहे. अण्णा गेले २०१८ ला, त्या आठवड्यात मीच नेऊन टाकली होती, घरात नको म्हणून. तिच्यात त्यांची पकड, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक होल्डरला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प, आणि चिकटपट्टीचा वाळलेला रोल. मी म्हणलं, आई हे राहू दे, हे काही स्टॉकमधे येत नाही. तिनं पिशवी मांडीवर घेतली, एकेक वस्तू काढली, पकड उघडून मिटून बघितली, कुरकुरली ती, आणि परत आत ठेवली.

"पकड एक, टेस्टर एक, पेचकस दोन," ती म्हणाली. "लिही. दीडशे. पकड गंजलीये."

मी लिहिलं.

"पुढं?"